द्वारा ९९ एपीओ

कोल्हापुरात कवितेच्या कार्यक्रमाला मला बोलावतात तेव्हा निवेदक माझी ओळख ‘सैनिक कवी’ अशी करून देतो आणि समोरच्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक अपेक्षा उमटते. त्यांना तोफा हव्या असतात, तलवारी हव्या असतात, निदान पोवाड्याचा ठेका तरी हवा असतो. मी वाचतो ती कविता मात्र म्हशीच्या वेताची, पाटाच्या पाण्याच्या पाळीची किंवा वेळेवर न पोहोचलेल्या मनीऑर्डरची असते. कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना कोणीतरी हमखास विचारतो की, तुम्ही तर एकाहत्तरच्या लढाईत होता, मग त्यावर का लिहीत नाही? उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे. माझ्या समजुतीप्रमाणे मी आजवर लिहिलेली बहुतेक कविता त्या लढाईच्या दिवसांनीच माझ्याकडून लिहून घेतली. फक्त त्या कवितेत लढाई नाही, आणि ती का नाही हे सांगायचे तर सुरुवात गुऱ्हाळापासून करावी लागेल.

माझे गाव कागल तालुक्यातले, दूधगंगेच्या काठचे. घरी थोडी बागायत, तीत ऊस, आणि भावकीत मिळून एक गुऱ्हाळ. दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झाले की आम्हा पोरांची रात्र चुलवाणापाशी जात असे. चुलवाण्या चिपाडे सारत बसलेला, काहिलीवर रस उकळतो आहे, गुळव्या भेंडीचे पाणी टाकून मळी काढतो आहे, आणि या साऱ्याच्या भोवती पहाटेपर्यंत माणसे बोलत आहेत. कोणाचा बांध कोणी कोरला, कोणाच्या सुनेने माहेरी जाऊन काय सांगितले, शाहूपुरीच्या पेठेत गुळाच्या रव्याला काय भाव निघाला, हे सारे त्या बोलण्यात येत असे. असे बोलणे मी लहानपणी भरपूर ऐकले. परंतु ते कागदावर उतरवण्याजोगे आहे असे मला कधी वाटले नाही. कागदावर उतरवायची भाषा निराळी असते आणि ती शिकण्यासाठी कोल्हापूरला जावे लागते, असा माझा ठाम समज होता.

त्याप्रमाणे मी कोल्हापूरला गेलो. शाहू महाराजांनी १९०१ सालापासून निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी शहरात जी बोर्डिंगे उभी करवली, त्यांतल्याच एकात माझी सोय झाली आणि तिथे राहून मी शाळेची अखेरची वर्षे व कॉलेजचा आरंभ केला. संध्याकाळी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचे, हा माझा नेम होता. १८५० साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयातली जुनी मासिके उलटताना मी शब्द जमा करीत असे आणि वहीच्या मागच्या पानांवर त्यांच्या याद्या करून ठेवीत असे: मृणाल, निशांत, वलय, नीरव. कॉलेजच्या वार्षिक अंकात माझी कविता छापून आली तेव्हा एका प्राध्यापकांनी मला बोलावून सांगितले की, तुमची भाषा खेड्यातल्या मुलाची वाटत नाही. हे वाक्य मी कितीतरी दिवस पदकासारखे मनात मिरवले.

त्या काळातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढे तिचा संबंध येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. बोर्डिंगच्या भिंती हलल्या, कौले खाली आली, आणि आम्ही सगळी मुले घोंगड्यांसकट अंगणात धावलो. आमचे आचारी मात्र आतच होते, कारण चुलीवर पाण्याचा हंडा होता आणि तो कलंडला तर पोरे भाजतील ही त्यांना धास्ती. ते दारातून ओरडत होते, “लेकानू, भितीकडंला उभारू नगा! म्होरं सरा, म्होरं!” दुसऱ्या दिवशी मी भूकंपावर कविता लिहिली. तीत वसुंधरा होती, तिचे आक्रंदन होते, क्षुब्ध पाताळ होते. आचारी नव्हते, हंडा नव्हता, घोंगडीही नव्हती. ती कविता अजून माझ्यापाशी आहे.

मग एका हंगामात गुळाचा भाव पडला. सोसायटीचे कर्ज थकले, थोरल्या बहिणीचे लग्न ठरलेले होते, आणि कॉलेजची फी भरणे हा घरातला सर्वांत शेवटचा खर्च झाला. आमच्या जिल्ह्यात अशा वेळी मुलगा फौजेत जाणे यात कोणाला नवल वाटत नाही. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे नावच तसे पडले आहे, आणि आमच्या घरी चुलत आजोबा संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये नोकरी करून आलेले होते. संस्थान विलीन झाल्यावर ती पलटण मराठा लाइट इन्फंट्रीत सामावली गेली. आजोबांनीच सांगितले की भरती निघाली आहे, जाऊन उभा राहा. वडील काही बोलले नाहीत. १९६९ साली मी कोल्हापुरातच भरतीला उभा राहिलो.

भरतीत माणसाचे माप घेतात ते अगदी अक्षरशः. पहाटे अंधारात रांग लागली, उजाडता उजाडता धावायला लावले, आणि जे मागे राहिले त्यांना एका बाजूने सरळ घरी पाठवले. उरलेल्यांच्या छातीवर जांभळ्या शाईने नंबर टाकले. मग उंची, वजन, छाती, आणि फुगवलेली छाती. माझी छाती जेमतेम होती. टेप धरणाऱ्या हवालदाराने पाठीवर थाप मारून “आणखी घे, आणखी घे” म्हटले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत मी श्वास ओढला. डॉक्टरांनी कान, डोळे, दात, तळपाय पाहिले, गुडघे जुळवून उभे केले, आणि ओळखीची खूण म्हणून पिंढरीवरचा ऊस तोडतानाचा कोयत्याचा व्रण नोंदवून घेतला. शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलांची सही, असे कागद एकाखाली एक टाचले गेले. शिक्षण विचारले तेव्हा मी कॉलेजचे नाव सांगितले. कारकुनाने मान वर करून पाहिले आणि कशाचीतरी बारीक नोंद केली. पुढे मी सिग्नल प्लाटूनला का गेलो त्याचे मूळ त्या नोंदीत असावे.

निघताना आईने भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, वडील कागलच्या स्टँडपर्यंत आले, आणि एसटी निपाणी, संकेश्वर करीत बेळगावला पोहोचली. घर सोडण्याचा प्रसंग म्हणून लोकांना याचे वर्णन हवे असते, पण खरे सांगायचे तर त्या दिवशी मला विशेष काही वाटले नाही. बोर्डिंगला जायची सवय होतीच. त्यातलाच हा एक लांबचा मुक्काम, असे मी धरून चाललो होतो.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. तिथल्या रंगरुटीचे वर्णन इतरांनी भरपूर केले आहे आणि ते बव्हंशी खरे आहे: पावसात भिजलेले ड्रिलचे मैदान, “दाहिने मुड”, “तेज चल”, चांदमारीनंतर दिवसभर कानांत राहणारी शीळ, पितळ घासून घासून काळी पडलेली बोटे. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट घडली ती किट तपासणीच्या वेळी. काळ्या ट्रंकेत गंजीफ्रॉकच्या घडीखाली कवितांची वही होती. उस्तादांनी ती काढली, मध्येच कुठेतरी उघडली, डोळ्यांसमोर थोडी दूर धरून पाहिली आणि म्हणाले, “अक्षर मोत्यागत हाय की रं तुझं. येत्या रविवारपासनं बराकीतली पत्रं तू लिवायची.” कवितेबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. त्या रविवारपासून माझे नाव ‘मास्तर’ पडले आणि ते फौजेत अखेरपर्यंत टिकले.

बराकीत कोकणातले होते, साताऱ्याचे होते, सांगली, बेळगाव आणि आमच्याकडचे होते. कित्येकांना सहीपुरते लिहिता येई, काहींना वाचता येई पण लिहायचा कंटाळा असे. जेवणानंतर खाटेवर बसून ते सांगत आणि मी लिहीत असे. मी लिहीत असे म्हणजे काय करीत असे? समोरचा जे बोले त्याची मी कॉलेजातली मराठी करीत असे. आरंभी ‘सा. न. वि. वि.’, मग ‘इकडील सर्व क्षेम असून तिकडील कुशल वेळोवेळी कळवीत जावे’, आणि मध्ये जो मजकूर येई तोही त्याच चालीवर. एकाने सांगितले, “आईला लिही, गुडघ्याला तेल लावत जा म्हणावं, उगंच कुरकुरत बसू नगंस.” मी लिहिले, ‘मातोश्रींनी प्रकृतीची काळजी घ्यावी.’ पत्र वाचून दाखवल्यावर तो गडी खूश झाला. आपल्या तोंडून इतके चांगले निघाले याचे त्याला कौतुक वाटले असावे, आणि मलाही वाटले.

कसम परेड झाली, टोपीला हिरवा-लाल तुरा लागला आणि मी पलटणीत दाखल झालो. आमची पलटण पहिली मराठा, १७६८ सालची, फौजेत तिला जंगी पलटण म्हणतात. तिथे सिग्नलचे काम शिकलो. वायरलेसवर बोलताना एक शब्द वाढला तर तेवढा वेळ शत्रूला आपला ठावठिकाणा शोधायला मिळतो, ही पहिली शिकवण. संदेशाच्या छापील फॉर्मवर चौकोन असतात आणि एका चौकोनात एकच शब्द बसवायचा असतो. विशेषण लिहिले की आमचे हवालदार पेन्सिलीने ते खोडत आणि विचारत, “हे काढलं तर गोळीबार थांबणार आहे का?” माझी शब्दांची यादी तिथे निकामी झाली. मी चिडून कविता लिहिणेच बंद केले, आणि बरेच दिवस ते बंदच राहिले.

१९७१ च्या उत्तरार्धात आम्ही मेघालयात, गारो टेकड्यांच्या भागात होतो. सीमेपलीकडून येणाऱ्या निर्वासितांच्या रांगा, सतत गळणारे तंबू, जळवा आणि बंद झालेल्या रजा. आमचा पत्ता आता नंबर, नाव, पलटण आणि ‘द्वारा ९९ एपीओ’, म्हणजे फौजेच्या टपाल कचेरीचा क्रमांक, एवढाच उरला होता. पूर्वेकडच्या साऱ्या फौजेचा हाच पत्ता, म्हणजे घरच्यांना आपला माणूस पूर्वेकडे आहे यापलीकडे काही कळू नये. पत्रे उघडीच द्यावी लागत, अधिकारी ती वाचून मग पुढे सोडत. गावाचे नाव लिहायचे नाही, नदीचे नाही, डोंगराचे नाही, शेजारी कोणती पलटण आहे ते नाही, पाऊस किती आहे तेही नाही. मग लिहायचे काय, असा प्रश्न मला पडला. पण पत्रे सांगणाऱ्यांना तो पडला नाही. ते इकडचे काही सांगतच नसत, सारे तिकडचे विचारीत.

राधानगरी तालुक्यातले, नाईक हुद्द्याचे एक जण माझ्याकडून नियमाने पत्र लिहून घेत. वयाने माझ्यापेक्षा थोडेच मोठे, लग्न होऊन फार काळ लोटला नव्हता. त्यांची एक पद्धत होती. ते डोळे मिटून, हाताची घडी घालून, बायको समोर उभी आहे अशा बेताने सावकाश सांगत, आणि मध्ये थांबत तेव्हा मी ‘पुढे?’ असे विचारायचे नाही. त्यांच्या घरी भुरी नावाची म्हैस गाभण होती. प्रत्येक पत्रात भुरी असे. “भुरी व्यालीया का? रेडी असली तर ठेवा. रेडा असला तरी इकू नगा, म्या आल्यावर बगू.” मी कागदावर उतरवले होते: ‘आपली म्हैस प्रसूत झाली असल्यास कळवावे. पारडू विकण्याची घाई करू नये.’ यात ‘म्या आल्यावर बगू’ गळाले होते, आणि ते गळाले हे त्या वेळी माझ्या लक्षातही आले नाही. मला ते वाक्य निरर्थक वाटले होते. रजा बंद आहेत, कधी जाणार हे ठाऊक नाही, मग असे लिहून काय उपयोग?

माझी स्वतःची पत्रेही अशीच येत. आईला लिहिता येत नव्हते; गावातले गुरुजी तिच्या वतीने लिहीत आणि त्यांची मराठी माझ्यासारखीच होती. ‘आपल्या मातोश्रींची प्रकृती उत्तम असून त्या आपली सदैव आठवण काढीत असतात’ असे वाचले की पत्र कोणा परक्याच्या आईने पाठवल्यासारखे वाटे. नोव्हेंबरच्या अखेरीस गुरुजी कुठेतरी परगावी गेले असावेत, कारण तेव्हाचे पत्र धाकट्या बहिणीने लिहिले होते. ती पाचवी-सहावीत होती. तिने आईचे बोलणे जसे कानी पडले तसे उतरवले होते: “दादा, आई म्हनती तसंच लिवतीया. आई म्हनती, तिकडं लई मोठ्या नद्या हाईत म्हनं. तुला पवाय येतंय म्हनून पान्यात शिरू नगंस. आपल्या दूधगंगंचं पानी न्हवं ते. आनि पायात काय घालत्यात ते घालूनच झोपू नगंस, पाय कुजत्यात.” चावडीवरच्या रेडिओवर पूर्व बंगालच्या बातम्या ऐकून तिने नद्यांचा अंदाज बांधला असणार. मी ते पत्र तंबूतल्या कंदिलाखाली वाचले आणि आई पहिल्यांदाच त्या तंबूत बोलली. तिने माझी आठवण काढल्याचे त्यात कुठेच लिहिलेले नव्हते.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडच्या आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध उघडपणे सुरू झाले. आमच्या वाटेवरचे कमालपूरचे ठाणे दुसऱ्या दिवशी शरण आले. बक्षीगंज, शेरपूर करीत ब्रिगेड दक्षिणेकडे सरकली, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठी आलो. पलीकडे जमालपूर, तिथे पाकिस्तानची ३१ बलूच पलटण पक्क्या मोर्चांत बसलेली. आम्ही बाजूने नदी ओलांडून शहराच्या पाठीमागे, टांगाईलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन बसायचे, असा बेत होता. गावकऱ्यांनी होड्या आणल्या, बैलगाड्या आणल्या. आईने पाण्यात शिरू नको म्हटले होते, आणि मी पाठीवर वायरलेस सेट घेऊन, बॅटऱ्या डोक्याशी धरून ब्रह्मपुत्रेच्या पाण्यात उभा होतो.

तिथे पत्रव्यवहाराचा आणखी एक मासला घडला, तो पुढे सर्वश्रुत झाला. आमचे ब्रिगेड कमांडर ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या कमांडरला शरण येण्याविषयी चिठ्ठी लिहिली आणि ती एका स्थानिक माणसाच्या हाती पाठवली. कर्नल सुलतान अहमद यांचे उत्तर आले त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती, आणि पुढच्या भेटीत तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन असू द्या, लेखणी तुम्हाला छानच चालवता येते, अशा अर्थाचा टोला होता. ही हकीकत सेटवरून आणि तोंडोतोंडी आमच्यापर्यंत आली तेव्हा नाईक हसून मला म्हणाले, “मास्तर, हे तुला उद्देशून हाय.”

सेटवर आम्ही मराठीतच बोलत होतो. पलीकडे हिंदुस्थानी समजणारे कान होते, मराठी समजणारे नव्हते. तरी साधी मराठीही नको, असे ठरले, आणि ज्याची त्याची गावाकडची बोली चालू झाली. ज्या भाषेला मी कागदावर कधी पाऊल ठेवू दिले नव्हते तिच्यावर आता माणसांचे जीव अवलंबून होते. १० तारखेच्या रात्री जमालपूरच्या शिबंदीने आमच्यावर येऊन फळी फोडायचा प्रयत्न केला. रस्त्याने दाट सावल्या येताना पुढच्या चौकीला दिसल्या तेव्हा हेडफोनमध्ये जे आले ते असे: “पाव्हणं बांदावर आल्यात. लई हाईत. दमानं घ्या, जवळ येऊ द्यात.” पलटणीने जवळ येऊ दिले. मग मशीनगनी सुरू झाल्या, आणि पहाटेपर्यंत ते पुन्हा पुन्हा येत राहिले. मी खड्ड्यात सेटपाशी होतो. मला दिसले थोडे, ऐकू आले फार. कोणी “दारू संपत आली, लवकर धाडा” म्हणे, कोणी “डावीकडल्या आंब्याखाली हाईत”, कोणी नुसते “हाय, हाय, अजून हाय” म्हणजे आपण जिवंत आहोत एवढेच. त्या रात्रीतले एकही वाक्य लांब नव्हते. उजाडताना कोणीतरी तारीख विचारली आणि मी सांगितली तेव्हा ध्यानात आले की ही भूकंपाचीच पहाट आहे; चार वर्षांपूर्वी याच वेळी दारातून ते “म्होरं सरा, म्होरं!” ऐकले होते.

सकाळी जमालपूर पडले. सिग्नलवाल्यांचे काम लढाई संपल्यावर संपत नाही; टाकलेली टेलिफोनची केबल परत गुंडाळून घ्यावी लागते, कारण पुढच्या मुक्कामाला तीच लागणार असते. मला आणि आणखी एकाला तो हुकूम झाला. एकाने रीळ फिरवायचे, दुसऱ्याने केबल मोकळी करीत पुढे चालायचे. केबल रात्री सरळ टाकलेली होती, सकाळी ती सरळ राहिली नव्हती. कुठे ती खड्ड्यात गेली होती, कुठे तुटली होती, आणि बऱ्याच ठिकाणी ती माणसांच्या खाली होती. उचलायचे, ओढायचे, खाली ठेवायचे, पुसायचे, पुढे जायचे. मी पुढे चालणारा होतो. याहून अधिक मी त्या सकाळविषयी लिहिलेले नाही, आणि ज्यांना तोफा-तलवारींची कविता हवी असते त्यांना मी काही सांगू शकत नाही ते यामुळे. त्या शेतात शौर्य नव्हते असे नाही. भरपूर होते, दोन्ही बाजूंना होते. पण त्यासाठी माझ्या वहीतले जे शब्द होते त्यांतला एकही मला त्या सकाळी उच्चारता आला नसता.

टांगाईलला छत्रीधारी उतरले होते, त्यांच्याशी गाठ पडली. मग ढाका, १६ डिसेंबर, रमणा रेसकोर्सवरची शरणागती, ९३,००० युद्धकैदी. हे सारे इतिहासात नीट नोंदलेले आहे. माझ्या दृष्टीने त्याच्या अगोदरची, टांगाईलच्या वाटेवरची एक दुपार मोठी आहे. नाईक पत्र सांगायला आले. त्यांच्या सेक्शनमधली माणसे गेली होती, त्यांच्या स्वतःच्या खांद्याला पट्टी होती. त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि म्हणाले, “लिही. म्या बरा हाय. भुरी किती दूध देती ते कळीव. मळणी झाली आसंल. रेडकू न्हाई इकलं न्हवं?” पुढे बराच वेळ काही नाही. मग, “म्या आल्यावर बगू.” या वेळी मी ते जसेच्या तसे लिहिले. ‘सा. न. वि. वि.’ सुद्धा घातले नाही. वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारले, “आसं चालतंय व्हय?” मी म्हटले, चालते. पत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यात खोडण्याजोगे काही सापडले नाही.

१९७२ मध्ये रजा मिळाली. ब्रॉडगेज झालेल्या लोहमार्गावरून मी कोल्हापूरला उतरलो, स्टेशनवर कोणा अनोळखी माणसाने हार घातला, आणि संध्याकाळी घरी पोहोचलो. आमच्या घरी चहा गुळाचा. गूळ पिकवणाऱ्याच्या घरी साखर आणली जाते ती पाहुण्यासाठी, जावयासाठी, तलाठी-सर्कल आले तर त्यांच्यासाठी. वडिलांनी मला पाहिले, शेजारून लोखंडी खुर्ची मागवून घेतली आणि आत हाक दिली, “साखरंचा च्या ठेवा.” मी खुर्चीत बसून तो चहा प्यालो. कागलच्या स्टँडवर जे वाटले नव्हते ते तेव्हा वाटले. आई काही वेळाने बाहेर आली, तिने माझे पाय पाहिले आणि कुजले नाहीत याची खात्री करून घेतली, तेव्हा कुठे जरा बरे वाटले.

त्या रजेत मी पुन्हा लिहू लागलो. जे लिहिले ते पत्रांसारखे होते आणि बोलीतले होते. कोल्हापुरातल्या एका संपादकांनी ‘ही कविता आहे काय?’ असे पोस्टकार्डावर विचारून परत पाठवले; दुसऱ्या एकाने छापले. नोकरी पुढे चालूच राहिली, हवालदार म्हणून निवृत्त झालो, नंतर काही वर्षे एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षेचे काम केले, संग्रह निघाले. यात सांगण्यासारखे फारसे नाही.

मागच्या वर्षी त्या नाईकांचे चिरंजीव मला शोधत आले. वडील वारले होते आणि त्यांच्या पेटीत पत्रांचा एक गठ्ठा निघाला होता. अक्षर वडिलांचे नाही हे मुलाला कळत होते. कोणाचे ते आईने सांगितले. पत्रे मी टेबलावर तारखेप्रमाणे लावली. गारो टेकड्यांतली पत्रे एका बाजूला, डिसेंबरच्या मध्यानंतरची दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगात म्हैस ‘प्रसूत’ होत होती, ‘क्षेम’ होते, ‘मातोश्री’ होत्या. दुसऱ्या ढिगात नाईक बोलत होते. शाई तीच, अक्षर तेच. मी मुलाला म्हटले की, या दुसऱ्या ढिगातल्या काही ओळी मला नव्या संग्रहात घ्यायच्या आहेत, तुमच्या वडिलांच्या नावानिशी. त्याने आईला फोन लावून दिला.

वहिनींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. नंतरची पत्रे छापायला त्यांची ना नव्हती. अगोदरची छापू नयेत, असे त्या म्हणाल्या. ती वाचून घेताना कोणा मामलेदाराने पत्र पाठवले आहे असे त्यांना वाटे आणि भीती वाटे. दुसरी अट भुरीची होती. कवितेत बसत नाही म्हणून तिचे नाव बदलायचे नाही. मी कबूल केले. गठ्ठा झेरॉक्स काढून परत दिला आहे, आणि प्रुफे आली की आधी त्यांना वाचून दाखवायची असे ठरले आहे.